खुंटीला बांधलेलं विमान

हडपसरच्या मैदानावर साडेआठलाच ऊन चढलं होतं आणि स्वरालीकडे एकच चान्स उरला होता. आठ फेऱ्या. तेवढ्या झाल्या की राज्य स्पर्धेच्या संघातली शेवटची जागा तिची. नाही झाल्या तर विमान माळ्यावर आणि स्वराली दहावीच्या क्लासला. आईने तसं जाहीरच करून टाकलं होतं.

तारांवरचं विमान हा खरं तर दोघींचा खेळ. एकीने इंजिन चालू असलेल्या विमानाची शेपटी धरून बसायचं, दुसरीने पंधरा मीटरवर मधोमध उभं राहून हँडल धरायचं. हँडलपासून विमानापर्यंत दोन तारा, विमान तिच्याभोवती गोल फिरणार. मनगट मागे झुकवलं की विमान वर, पुढे झुकवलं की खाली. शेपटी धरायला तीन वर्षं तनया होती. मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर स्वराली तिला म्हणाली, "तू काय गं, नुसती शेपूट धरतेस." आज तनया समोरच्या झाडाखाली निवडीला आलेल्या पुष्करच्या विमानाची शेपूट धरून बसली होती.

म्हणून मग ही खुंटी. शेपटी खुंटीला अडकवायला सायकलचा स्पोक, स्पोकला लांब दोरी. मधे उभं राहून दोरी ओढली की स्पोक निसटणार, विमान सुटणार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे दहादा जमलं होतं. पण पार्किंगमध्ये गवत नव्हतं. पहिल्या प्रयत्नात दोरी गवतात अडकली, विमान तिरकं सुटून नाकावर आपटलं आणि पंखा तुटला.

"एकटीने होत नसेल तर सांग," संघ निवडणारे केदार सर घड्याळ बघत म्हणाले. "अजून चार जण थांबलेत."

"होतंय सर."

"दिसतंय."

तिने नवा पंखा बसवला, बोटाने फिरवला. इंजिन खोकलं, मग किंचाळलं. आता टाकीतला प्रत्येक थेंब मोलाचा. ती तारांच्या कडेने धावत मध्यावर आली, गवतातलं हँडल उचललं आणि दोरी ओढली. एरवी सोडण्याआधी स्वराली हँडल हलवून बघायची आणि शेपटीची पट्टी कुठे वळते ते पाहून तनया ओरडायची, "वर? खाली? ओके." आज ओरडायला कोणी नव्हतं आणि घाईत स्वरालीलाही ते आठवलं नाही.

स्पोक अलगद निसटला. विमान पळालं, उचललं गेलं. तिने मनगट जरासं मागे झुकवलं. विमानाने नाक खाली घातलं. तिने आणखी झुकवलं, ते आणखी खाली. चाकं गवताला लागली तेव्हा तिला कळलं. हँडल उलटं होतं.

तिने मनगट पुढे दाबलं आणि विमान डोक्याएवढं उसळलं. पुढच्या दोन फेऱ्या तिने सगळं उलटं केलं. वर हवं तर खाली, खाली हवं तर वर, आणि प्रत्येक वेळी हात आधी चुकत होता, मग सुधारत होता. भिंत, झाड, सर, पुन्हा भिंत. एका फेरीत झाडाखाली तनया बसलेली होती, पुढच्या फेरीत ती उभी होती.

तिसऱ्या फेरीत स्वरालीने अख्खा हातच पिळला. अंगठा खाली, करंगळी वर. हँडल हातासकट सुलटं झालं. विमान ऐकू लागलं, पण कोपर पेटला. चार. पाच. डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायची सोय नव्हती. सहा. सातव्या फेरीत इंजिन बंद पडलं.

आता ओढ फक्त तिच्या हाताची. ती मागे मागे सरकत विमानाला नुसत्या तारांवर खेचत राहिली, दातांवर दात आवळून. आठवी फेरी पुरी करत विमान सरांच्या समोरून गेलं आणि धपकन टेकलं.

"आठ," सरांनी वहीत लिहिलं. "हँडल उलटं होतं?"

"हो सर."

"कधी कळलं?"

"सुटल्यावर."

"रविवारी सहाला सराव. सरळ धरून ये."

ती डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून हँडलवरून सोडवत होती.