काळ्या वावरातला मोगली एरंड

दावणीची साखळी गव्हाणीवर खण्णकन वाजली आणि सकाळपासून घरात साचलेली शांतता मोडली. बयनाबाईचे हात पिठातच थांबले. गाभण गाय रिकामी गव्हाण पुन्हा एकदा चाटून बघत होती.

"रामाजी येईल आता," नवरा, उत्तमराव, उंबऱ्यावरून म्हणाला. "गाय तुह्याच भावाकडं जाऊन राह्यली ना? कसायाकडं नाई."

"मी काई बोलली का?"

"तेच तं. बोलून टाक एकडाव."

बोलणार काय? तीन वर्षांमागं जीपमधून साहेब आले होते. मोगली एरंडाच्या तेलावर इंजिनं चालतील म्हणाले. मुरमाड जमिनीतही येतो, पण काळ्या रानात बी लवकर धरेल. नदीकाठचं ज्वारीचं वावर द्यावं का, हे उत्तमरावनं तिलाच विचारलं होतं. तिला आठवलं ते माचाण. ज्वारी दाण्यावर आली की वर्षाच्या लेकीला, चंद्रभागेला, पाठीशी बांधून दिवसभर गोफण फिरवायची, पाखरं हाकायची. एरंडाला पाखरू शिवत नाही, ढोर तोंड लावत नाही. म्हणून तर तो कुंपणाला. राखणच नको.

"लावा," ती म्हणाली होती.

कडबा मनात आलाच नाही. कडबा कोणी पेरतं थोडाच? तो ज्वारीमागं आपसूक घरी येतो. आता मागायला जावं, तर आठ-दहा घरांनी एरंडच लावलेला. बाकीच्यांच्या पेंढ्या त्यांच्याच बैलांपुरत्या.

रामाजी तामसीहून आला. गाईच्या पोटावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुमी तेल काढा, आमी दूध काढतो." कोणीच हसलं नाही, तसा तो ओशाळला. "वासरू झालं का सांगून धाडतो, बाई."

बयनाबाईनं गाईच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, विकतच्या ज्वारीची भाकर भरवली आणि बांधापर्यंत सोबत गेली. वावर हिरवंगार उभं होतं. चंद्रभागेनं धावत जाऊन एरंडाची पानं ओरबाडली, गाईपुढं धरली. गाईनं हुंगलं, मान फिरवली, रामाजीमागं चालू लागली.

लेकीच्या तळहाताला लागलेला चीक बयनाबाई पदरानं पुसत राहिली.

"माय, हिले आवडंल असं आपून काऊन नाई लावलं?"