ड्वेनचा संघ

"माझी मागणी कोणी काढून टाकली, गस?"

गस उचललेल्या गाडीखाली उभा राहून गंजलेला सायलेन्सर सोडवत होता. गॅरेजच्या दारात डोरीन वोयचिक उभी होती. मुलांना शाळेत सोडून ती तशीच इकडे आली होती. ती चालवायची ती शाळेची पिवळी बस बाहेर अर्धा रस्ता अडवून उभी होती.

"कसली मागणी?"

"वेड पांघरू नकोस. केल्सोची."

डोरीनचा नवरा ड्वेन मार्चमध्ये दारातला बर्फ उपसता उपसता कोसळला आणि गेला. मागे घर राहिलं, ट्रक राहिला आणि अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगमधला त्याचा संघ राहिला. शाळेपासूनच्या मित्रांची ही लीग. खरे खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे, ते दर रविवारी मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या संघाला. कोणी जायबंदी झाला की मंगळवारी मोकळ्या खेळाडूंमधून दुसरा मागायचा. एकालाच दोघांनी मागितलं, तर तळाला असेल त्याचा हक्क पहिला. ड्वेनचा संघ आता डोरीन चालवत होती, आणि तो तळाला होता. गसचा त्याच्या एक पायरी वर.

गेल्या रविवारी चेंडू घेऊन धावणारा एक नावाजलेला खेळाडू गुडघा धरून मैदानाबाहेर गेला. आता त्याच्या जागी चेंडू केल्सो नावाच्या कालच्या पोराकडे जाणार, हे डोरीननं तिथल्या तिथे ओळखलं. मंगळवारी तिनं केल्सोला मागितलं आणि त्याच्या बदल्यात संघातल्या जुन्या हॅनिगनला मोकळं केलं. बुधवारी सकाळी फोन उघडून बघते, तर हॅनिगन जागच्या जागी आणि केल्सो गसच्या संघात. लीगचा कारभार गस बघायचा. दुसऱ्याच्या संघात हात घालता येत होता तो एकट्या त्यालाच.

"अगं, तू हॅनिगनला सोडत होतीस!" गसनं पाना खाली ठेवला. "ड्वेननं किती वर्षं जपला त्याला! आम्हा सगळ्यांचं ठरलंय, ड्वेनचा संघ होता तसाच ठेवायचा. त्याची आठवण म्हणून."

"हॅनिगनला त्याच्या क्लबनं उन्हाळ्यातच घरी बसवलाय, गस. तो खेळतच नाही."

"म्हणून काय झालं?"

"म्हणून दर रविवारी तुम्ही त्या आठवणीला धूळ चारता आणि वर तिच्या नावानं ग्लास उंचावता. आणि केल्सोला कोणाच्या आठवणीसाठी घेतलास?"

गसचे कान लाल झाले. "कोणीतरी घेतलाच असता."

"कोणीतरी नाही. मी घेतला होता."

"हे बघ, डोरीन, यातलं ड्वेनला जे कळायचं ते आपल्याला नाही कळायचं. दोनदा कप नेला त्यानं, तोही या मंगळवारच्या निवडींवर. नाक होतं त्याला!"

"ते नाक माझं होतं," डोरीन म्हणाली. "दर मंगळवारी नावं मी सांगायचे. तो कांदा चिरत 'बरं' म्हणायचा."

गसच्या चेहऱ्यावर कीव आली. "कळतं गं मला," तो हळूच म्हणाला. "माणूस गेलं की असं होतं."

तिच्या हातात त्या क्षणी काही असतं, तर तिनं ते फेकून मारलं असतं. ती बसमध्ये चढली आणि दार आपटता येत नाही म्हणून हॉर्न दाबून धरला.

घरी पोचेपर्यंत गसवरचा राग ड्वेनवर जाऊन बसला होता. एकदा, एकदा तरी मित्रांना सांगायचं होतंस, मेल्या! तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. ती दोघांमधली गंमत होती. पण त्या गमतीतला दुसरा माणूसच निघून गेला, आणि आता ती खरं सांगत होती तर वेडी ठरत होती.

तिनं मित्रांच्या ग्रुपवर सगळ्यांना लिहिलं, केल्सो माझा आहे, परत करा. उत्तरादाखल लाल हृदयं आली. 'ड्वेन सदैव आमच्यात' असं आलं. 'गसनं प्रेमापोटी केलं' असंही एकानं लिहिलं. केल्सोबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. तिनं संघाचा पासवर्ड बदलला, हॅनिगनला सोडून दिलं आणि उरल्यासुरल्यांतला एक नवखा उचलला.

रविवारी दुपारी, ही मित्रमंडळी सामने बघायला जमायची त्या बारमध्ये ती गेली. त्यांच्या टेबलाशी ती याआधी कधी बसली नव्हती. टीव्हीवर केल्सो चेंडू कवटाळून रेषेपार झेपावला होता आणि गस दोन्ही हात वर करून ओरडत होता. ती दिसताच त्याचे हात खाली आले. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती, तिच्या पाठीवर ड्वेनची जर्सी.

"डोरीन..." गस उठला. "केल्सो देऊन टाकतो. हवा तर आत्ता."

"ठेव तुलाच. येत्या मंगळवारी माझी मागणी काढून तर दाखव."

"अगं, ती ड्वेनची खुर्ची..." कोणीतरी पुटपुटलं.

तिनं जर्सी उचलून नाकाशी नेली. तळणाचा वास येत होता, सांडलेल्या बियरचा येत होता. ड्वेनचा वास तिला कुठेच नव्हता. तिनं ती नीट घडी करून मांडीवर घेतली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

"काय आणू?" ऑर्डर घ्यायला आलेल्या पोरीनं विचारलं.

"चिकन विंग्ज. तिखट," डोरीन म्हणाली. "आणि टीव्ही थोडा माझ्याकडे वळव."