उशिराच्या ज्वारीतलं लोह

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी कागद मावशीच्या पुढ्यात सरकवला. "मावशी, बघा. उशिरा पेरलेल्या ज्वारीत लोह जवळजवळ दुप्पट."

मावशीने आकडे पाहिले. ज्वारीचे चार वाण, प्रत्येक दोनदा पेरलेला: एकदा वेळेवर, एकदा तीन आठवडे उशिरा. उशिराच्या रांगेत चारही आकडे चढले होते, दुसऱ्या वाणाचा सगळ्यांत जास्त.

एकोणीस वर्षं ती या प्रयोगशाळेत धान्य दळत होती. निवडायचं, पुसायचं, दळायचं, बाटलीत भरून चिठ्ठी लावायची. वेळेवरची ज्वारी आधी आली, ती तिने चिनीमातीच्या भांड्याच्या यंत्रात दळली. मग ते भांडं तडकलं. उशिराची ज्वारी आली तेव्हा कपाटातला जुना मिक्सर काढला, झिजलेल्या पोलादी पात्यांचा. घाईत वहीत ते लिहायचं राहून गेलं. वाढलेलं लोह ज्वारीतलं नव्हतं, पात्यांचं होतं.

सर खुशीत बोलत होते. तीन दिवसांनी होणाऱ्या बैठकीत ते सुचवणार होते की दुसऱ्या नंबरचा वाण सगळीकडे उशिराच पेरावा. रक्त कमी असलेल्या बायका-मुलांना उपयोग होईल. उशिरा पेरलं की खोडमाशीची अळी पोंगा, म्हणजे रोपाचा मधला कोंब, खाते, पीक घटतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण लोहासाठी तेवढं सोसावं, असं त्यांचं म्हणणं. मावशीने मान डोलावली आणि बाहेर आली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझी नेमणूक दर वेळी अकरा महिन्यांची, पुढच्या आठवड्यात नव्या कागदावर सही सरांचीच लागणार. तू बोलली नाहीस तर कुणाला कळणार आहे?

खरंच कुणाला कळणार नव्हतं. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. लोक उशिरा पेरतील, माशी पीक खाईल, आणि ताटात लोह काही येणार नाही.

सकाळी ती सरांच्या दारात उभी राहिली. दोनदा परत फिरली, तिसऱ्यांदा आत गेली.

"सर, ते लोह माझ्या मिक्सरचं आहे."

त्यांना आधी उमगेना. तिने सगळं सांगितलं. सर उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरेच उभे राहिले. आता जा म्हणतील, असं तिला वाटलं.

"वहीत का नाही लिहिलंत?"

"चुकलं माझं."

"मूळ धान्य शिल्लक आहे?"

"मूठ-मूठ आहे सगळ्यांचं."

"मग परवाच्या बैठकीआधी पुन्हा करा."

यंत्र नव्हतंच. तिने दगडी खल घेतला आणि दोन दिवस सगळे नमुने हाताने कुटले. उशिराच्या ज्वारीत लोह वेळेवरच्याइतकंच निघालं. वाणावाणांत मात्र फरक होता. वाढलेल्या आकड्यांच्या नादात ज्याच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं तो चौथा वाण दोन्ही पेरण्यांत पुढे होता. सरांनी बैठकीत तेवढंच मांडलं. तिला ते रागावले नाहीत, फारसं बोललेही नाहीत.

नेमणुकीचा कागद आला. अकराऐवजी सहा महिन्यांचा.

तिने तो उभ्यानेच वाचला. अंगठ्याजवळचा फोड फुटला होता, म्हणून पेन बोटांच्या टोकांत धरला, आणि सावकाश, एक अक्षरही न गाळता, आपलं पूर्ण नाव लिहिलं.