मिस्त्रींच्या गाडीची उचकी

मित्रांनो, मी एक जुनी, फिकट निळ्या रंगाची, चार दारांची साधी गाडी आहे. म्हणजे बाहेरून आहे. माझे दिवे माझे आहेत, आरसे माझे आहेत, मागच्या सीटवरचा शाईचा डागही माझाच आहे. काळीज मात्र दुसऱ्याचे आहे. ते कसे बसवले आणि बसवताना काय हरवले, त्याची ही गोष्ट. मला थापा मारायची खोड आहे, हे आधीच सांगून ठेवते. ती मला माझ्या मालकांकडून लागली. जिथे हसू येईल तिथे थोडी थाप असेल. जिथे येणार नाही, तिथे मी खरे बोलते आहे असे समजा.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो बहिणी एका रांगेत जन्मल्या. माझे इंजिन लहानखुरे होते. चढ आला की ते इतकी धाप टाकायचे, की एकदा एका गोगलगायीने मागून येऊन माझ्याकडे वाट मागितली होती. पटत नसेल तर राहू द्या. गोगलगाय नसेल, सायकलवाला असेल. पण त्या इंजिनाने कधी कुणाला रस्त्यात सोडले नाही.

मला विकत घेतले एका मोटारमिस्त्रींनी. खाली त्यांचे गॅरेज, वर दोन खोल्या. घरात मिस्त्री, शाळेत शिवण शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नी आणि एक मुलगी. शाईचा डाग तिचाच.

मी चार वर्षांची असताना माझ्या इंजिनातला एक वॉल्व्ह आळशी झाला. गाडी जागेवर चालू ठेवली की तीस-चाळीस ठोके नीट पडायचे आणि मग एक चुकायचा. सगळे अंग एकदा हलायचे. असा ठोका पहिल्यांदा चुकला तेव्हा बाई शेजारी बसल्या होत्या, मांडीवर कापडांचे गठोडे.

"अहो, हिला उचकी लागली! कोण आठवण काढतंय हिची?"

"हिची कोण काढणार?" मिस्त्री म्हणाले. "तुझीच काढत असतील शाळेतल्या पोरी. दात-ओठ खात."

अर्ध्या दिवसाचे काम होते. मिस्त्रींनी ते उद्यावर टाकले, मग परवावर. गिऱ्हाइके टोमणे मारायची, "काय मिस्त्री, दिव्याखाली अंधार?" मिस्त्री हसून सोडून द्यायचे. उचकी लागली की बाई प्रत्येक वेळी नवे नाव घ्यायच्या. आज मावशी आठवण काढतेय, आज दूधवाला, आज मुख्याध्यापिका. तो त्या दोघांचाच, मुलगी बरोबर नसतानाचा खेळ झाला होता.

मग एका वर्षी बाई आजारी पडल्या. माझ्या मागच्या सीटवर आडव्या होऊन त्या दवाखान्यात गेल्या. परत येताना ती सीट रिकामी होती. त्यानंतर मिस्त्रींनी ते काम उद्यावरही टाकले नाही. त्यांनी त्याचे नावच काढले नाही.

पुढे हातोडीच्या आवाजात चाळीस वर्षे काढलेल्या त्यांच्या कानांनी हळूहळू दार लावून घेतले. मिस्त्रींना काही म्हणजे काही ऐकू येईना. काम मुलीने हाती घेतले. लोक तिला मिस्त्रीणबाई म्हणू लागले, आधी चेष्टेने, मग गरजेने. गॅरेजच्या काळ्या फळ्यावर ती खडूने लिहायची, वडील वाचायचे आणि तोंडाने उत्तर द्यायचे. घरात मिस्त्रींची धाकटी बहीण राहायला आली होती. तिचे मात्र ओठ बघूनच त्यांना कळायचे. "तिचं तोंड वाचायला सोपं," ते म्हणायचे, "कारण ते कधी मिटलेलंच नसतं."

त्या दिवसांतली त्यांची एक रीत सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. रोज सकाळी शटर उघडण्याआधी ते मला चालू करायचे आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहायचे. डोळे मिटलेले. ठोके जायचे, जायचे, आणि मग माझी उचकी यायची. ती तळहातात उमटली की ते म्हणायचे, "बरं आहे." मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

मुलीला वाटायचे, वडील इंजिन तपासताहेत.

आता थापेकडे येते. मुलगी लहानपणी तापाने फणफणली होती, तेव्हा तिने औषध घ्यावे म्हणून मिस्त्रींनी एक गोष्ट रचली. लांब नाकाची एक शर्यतीची लाल गाडी होती म्हणे, आणि ती त्यांनी डोंगरापलीकडे अशी पळवली, की निघताना ओतलेला चहा पोचल्यावरही जीभ भाजत होता. औषध पोटात गेले. गोष्ट मात्र वाढत राहिली. पुढच्या तापात तिला वळणे फुटली, त्याच्या पुढच्यात पोलीस मागे लागले. मुलगी मोठी झाली, ताप उतरले, पण ती गोष्ट तिच्या मनातून उतरली नाही. बाबांनी संसारासाठी ती गाडी सोडली आणि ह्या धापा टाकणारीवर जन्म काढला, असे तिने मनाशी घट्ट धरले.

गेल्या वर्षी मिस्त्री जिन्यावरून पडले आणि मांडीचे हाड मोडले. साडेतीन महिने वरच्या खोलीत पडून राहायचे होते. त्याच आठवड्यात गावातल्या एका सर्जनच्या लांब नाकाच्या लाल गाडीवर झाड कोसळले. मागचा भाग चपटा झाला. इंजिनाला ओरखडाही नाही. मिस्त्रीणबाईने ते इंजिन आणले, साखळीला टांगले आणि माझ्यासमोर उभी राहिली.

आत्या कमरेवर हात ठेवून आली. "हे काय आणि?"

"बाबांचं स्वप्न आहे."

"मग स्वप्न अख्खं आण की! घ्यायची तर मूळ गाडी घे, मोडकी-तोडकी का असेना. सशाला हत्तीचं काळीज बसवून तो काय झाडं उपटणार आहे?"

"मूळ गाडीत बाबा पाहुण्यासारखे बसतील, आत्या. ही त्यांची स्वतःची आहे. हिच्यात बसून ते तसे पळाले, की मग खरं."

"आणि ते इंजिन? ते हिच्यात कोण? पाहुणाच ना?"

मिस्त्रीणबाईने चष्मा लावला आणि कापायचे यंत्र चालू केले.

मित्रांनो, मूळ गाडीत एकेक नट त्या इंजिनासाठीच जन्माला आलेला असतो. त्याचा जोर किती, ते तिच्या हाडांना ठाऊक असते. मला ते कुठून ठाऊक असणार? माझी पुढची चौकट कापली, छाती रुंद केली, जाड पट्ट्या वेल्ड केल्या. गिअरबॉक्स बदलला, ब्रेक बदलले, दुप्पट मोठा रेडिएटर लावला. काम नेटके होते, त्यात खोट काढायला जागा नाही. माझे जुने इंजिन बाहेर निघाले तेव्हा ते एवढे लहान दिसले, की मलाच त्याची दया आली. मिस्त्रीणबाई ते टेबलाखाली सारणार होती, पण तिचे हात शिवशिवले. चांगल्या कारागिराला बिघाड डोळ्यांसमोर बघवत नाही. एका दुपारी तिने ते उघडले, आळशी वॉल्व्ह काढून नवा बसवला, पुसून लख्ख केले आणि गोणपाटाखाली झाकून ठेवले. काम करताना ती शीळ वाजवत होती.

वर झोपलेल्या मिस्त्रींना यातले काही ऐकू येत नव्हते. ते रोज विचारायचे, "गाडी चालू केलीस ना सकाळी?" ती पाटीवर लिहायची, "हो." नवे इंजिन पहिल्यांदा धडधडले, तेव्हा मात्र त्यांच्या खाटेचे पाय थरथरले. "कुणाचा ट्रक आलाय गं?" त्यांनी वरून ओरडून विचारले. आत्या म्हणाली, "सांग आता, बापाच्या गाडीचा ट्रक केलाय म्हणून."

मग तो दिवस आला. मिस्त्री काठी टेकत खाली उतरले. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "बाबा, ओळखा!" मिस्त्रीणबाईने मला चालू केले आणि ती वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिली. परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलीसारखी.

त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. डोळे मिटले.

नवे इंजिन एकसारखे चालत होते. रेशमासारखे, कुठे गाठ नाही. चाळीस ठोके गेले, ऐंशी गेले, दीडशे गेले. मी माझ्या जुन्या हाडांनी जीव खाऊन हलायचा प्रयत्न केला, पण उचकी कुणाला ठरवून येते का? तो हात वाट बघत होता. मला कळत होते. त्या गॅरेजमध्ये ते फक्त मला कळत होते.

शेवटी त्यांनी डोळे उघडले. आधी बॉनेटकडे पाहिले, मग पोरीच्या तोंडाकडे पाहिले, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली.

"हेच ते! अगदी हेच! वळणावर असंच ओढायचं बघ."

मिस्त्रीणबाई रडली. मग आम्ही फिरायला गेलो. मी वाऱ्यासारखी पळाले, आणि माझी चारही दारे भीतीने कडकडत होती. मिस्त्री दारावरची मूठ धरून हसत बसले होते. मूठ मात्र त्यांनी घरी येईपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ते काठी टेकत थेट मागे जायचे, रंगाचा रिकामा डबा उपडा घालून टेबलाशी बसायचे आणि गोणपाट सारून जुन्या इंजिनाच्या थंडगार झाकणावर हात ठेवायचे. "बरं आहे" हे दोन शब्द त्या घरातून गेले.

मिस्त्रीणबाईने आठवडाभर ते पाहिले. मग आत्याला विचारले, "बाबा तिथे काय करतात गं?"

"जे रोज करायचा तेच. तुझ्या आईची उचकी शोधतोय."

"कसली उचकी?"

आत्याने सगळे सांगितले. गठोडे, दूधवाला, मुख्याध्यापिका, सगळे. "ती गेल्यावर मला म्हणाला होता, की आता गाडीला उचकी लागली की नाव शोधावं लागत नाही. तीच आठवण काढत असणार. त्या एका उचकीवर जगत होता गं तो."

"पण मग ती लाल गाडी? डोंगर? चहा?"

"अगं, त्यानं ती धुतली होती. एकदा. तीही बाहेरून."

मिस्त्रीणबाई टेप घेऊन आली आणि जुने इंजिन परत माझ्यात बसते का, ते मोजू लागली. तिलाच ठाऊक होते, बसत नाही. ते ज्याच्यावर टेकायचे, ती चौकट तिने स्वतःच्या हाताने कापून भंगारात टाकली होती. तेव्हा तिने लोखंडी घोडा केला, त्यावर ते इंजिन चढवले, पेट्रोलचा डबा लावला, बॅटरी जोडली आणि वडिलांचा हात धरून आणले. इंजिन लगेच सुरू झाले. मिस्त्रींचा तळहात टेकला, आणि त्यांच्या तोंडावर अशी पहाट झाली म्हणून सांगू!

ठोके मोजत मीही थांबले होते. चाळीस. ऐंशी. दीडशे.

वॉल्व्ह नवा होता ना.

मिस्त्रीणबाईचा हात आपोआप तोंडावर गेला. तिला आठवले. शीळसुद्धा आठवली असेल. जुना वॉल्व्ह केव्हाच भंगारवाल्याकडे गेला होता.

पुढचे अकरा दिवस तिने काय केले सांगू? तिने ते इंजिन बिघडवले. गावातली सगळ्यात हुशार कारागीर सकाळी हातात पाना घेऊन बसायची आणि चांगले इंजिन बिघडवायची. हे सैल कर, ते आवळ, तिथे पत्र्याची चकती घाल. इंजिन खोकले, लंगडले, दर चौथ्या ठोक्याला अडखळले, एकदा तर रुसून बंदच पडले. प्रत्येक वेळी ती वडिलांचा हात नेऊन ठेवायची. प्रत्येक वेळी ते मान हलवायचे, नाही. बिघाड काढता येतो, मित्रांनो. काढलेला बिघाड परत जसाच्या तसा घालता येत नाही.

बाराव्या दिवशी मिस्त्रींनी तिच्या हातातून पाना काढून घेतला.

"बाळा, बिघाड काढायला मी तुला शिकवलं. घालायला नाही शिकवलं. राहू दे आता."

तिने फळ्यावर लिहिले, "बाबा, मला सांगायचं होतंत." ते वाचून ते म्हणाले, "तू विचारलं कुठे? आणि मी तरी काय, गाडीला उचकी लागते म्हणून रडणारा म्हातारा, कुणाला सांगू?"

आता मी भिंतीशी उभी असते. अधूनमधून शौकीन माणसे येतात. ज्यांना लाल गाडी हवी असते, ते माझे नाक बघून जातात. ज्यांना साधी गाडी हवी असते, ते बॉनेट उघडून घाबरून जातात. माझ्यातले इंजिनही सुखी नाही. त्याला त्याचे लांब नाक आठवते, मला माझी धाप आठवते. आम्ही दोघे एकमेकांना सांभाळून घेतो, इतकेच. तेव्हा मित्रांनो, कुणाच्या जुन्या वस्तूला तुमच्या प्रेमाचा हात लावण्याआधी त्या माणसाजवळ घटकाभर बसा आणि विचारा, ह्यातले काय ठेवू? मोडकेसुद्धा कुणीतरी जपून ठेवलेले असते.

एवढे सांगून मी थांबणार होते. पण काल सकाळचे सांगायला हवे.

मिस्त्री डब्यावर बसले होते, हात थंड झाकणावर. मिस्त्रीणबाई शेजारी चाक काढत होती. एकाएकी त्यांचे सगळे अंग एकदा हलले. मग थोड्या वेळाने पुन्हा. त्यांना उचकी लागली होती.

ती धावत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली. त्यांनी हातानेच तो बाजूला सारला.

"नको पाणी," ते म्हणाले. "लागू दे."

त्यांनी झाकणावरचा तळहात उचलला, स्वतःच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. मिस्त्रीणबाई भरलेला पेला घेऊन तशीच उभी राहिली. चौथ्या उचकीनंतर ते हळूच म्हणाले, "बरं आहे."