हार घातलेली मशीन

मित्रांनो, पनवेलच्या एका इस्पितळातली मी जुनी मशीन आहे, आणि मला राग आलेला आहे. गोड गोष्ट हवी असेल तर इथेच थांबा.

माझं काम ऐकून लाजू नका. आतड्याचं ऑपरेशन झालं की आतडी कधी कधी झोपून राहतात. वारा सरत नाही, पोट फुगतं, घोटभर पाणी ठरत नाही. मग माझ्या चिकट पट्ट्या घोट्याजवळ लावतात आणि मी तिथल्या नसेला विजेच्या हलक्या टिचक्या देते. सगळ्यांना गुण येतो असं नाही, काहींना येतो. नवी होते तेव्हा पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे. पुढे कोपऱ्यात धूळ खात पडले.

दसऱ्याला मात्र माझी आठवण होते. हळदकुंकू, झेंडूचा हार. पूजेला मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही रीत.

यंदा त्याच दिवशी कोन गावाजवळच्या वाडीतली पारू आतड्याच्या ऑपरेशननंतर कण्हत होती. नाकात नळी, पोट तट्ट. डॉक्टर सांगून गेले होते, "मशीन लावा. फरक नाही पडला तर पुन्हा पोट उघडून बघावं लागेल."

सिस्टर अस्मा मला न्यायला आली. वॉर्डाचे प्रमुख सत्यजीतराव आडवे आले.

"आज नाही. पूजेला बसलीय. उद्या घे."

"सर, तिला उद्यापर्यंत झेपेल का?"

"तू हार काढलास तर लोक काय बोलतील, ते मी सांगायला नको, अस्मा."

ती मागे सरली. का, ते तुम्हालाही कळतं. निर्लज्जपणा आहे हा सत्यजीतरावांचा, दुसरा शब्द नाही.

दुपार टळली तरी मी पोचले नाही, म्हणून पारूचा नवरा मंगळ्या पूजेच्या खोलीच्या दारात आला. अस्मानं पूजेचं सांगितलं.

"आमी पन कोयता पूजताव, सिस्टर. मंग घरात नाग निंगाला, त त्याला उद्या ये सांगताव काय?"

त्यानं माझा हार उतरवून तिथंच उभ्या असलेल्या सत्यजीतरावांच्या हातात दिला. "धरा, साहेब. देव रागावला त माज्यावर रागावंल. तुमी मोकले."

अस्मानं कुंकू पुसलं, नव्या पट्ट्या लावल्या. दिवेलागणीला पारूच्या खाटेवरून असा आवाज आला की अख्खा वॉर्ड हसला.

"हसा मेल्यांनो," पारू पदराआडून म्हणाली, आणि तिनं पाणी मागितलं.

तुम्हीही हसा, मित्रांनो. पण मी नटून बसले होते म्हणून एक बाई दिवसभर तडफडली. मला जपायचं तर वायर तपासा, पट्ट्या बदला. आणि माणूस कण्हत असेल तर हात जोडत बसू नका, बटण दाबा.