गोव्याला निघालेला निकोलस

निकोलस डाबरे फटफटीवरून एकटाच गोव्याला जाणार, हे वसईजवळच्या गास गावात घरोघरी ठाऊक झालं होतं. बावन्न सालचा नोव्हेंबर सरत आला होता. डिसेंबरात जुन्या गोव्यात सांत फ्रान्सिस झेवियरचं शव दर्शनाला ठेवणार होते, आणि गावातली माणसं घोळक्याघोळक्याने आगबोटीची तिकिटं काढत होती. निकोलसला घोळक्यात जायचं नव्हतं. लढाईच्या काळात तो लष्करात निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकली चालवायचा. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली एक त्याने उचलली, आणि तेव्हापासून केळीच्या वाडीतलं काम आटोपलं की अंगणात बसून तिचे नटबोल्ट खोलायचे नि पुन्हा बसवायचे, एवढाच त्याचा शौक होता.

"एवढ्या लांब एकटा कशाला जातोस?" त्याची बायको आल्बिना म्हणाली. "वाटेत काही झालं तर?"

"ब्रह्मदेशाच्या चिखलातून चालवलीय मी. कोल्हापूर-बेळगावच्या रस्त्याचं काय घेऊन बसलीस?"

निघायच्या दिवशी सकाळची मिसा झाली आणि सगळा गाव चर्चच्या पायऱ्यांवर थांबला. फादरांनी फटफटीवर पवित्र पाणी शिंपडलं. कुणीतरी झेंडूचा हार घातला. बायकांनी आपापल्या जपाच्या रोझरी आणून दिल्या: सांतच्या पेटीला टेकवून आण, म्हणाल्या. शेजारच्या रोझलिन मावशीने तर नवऱ्याची जुनी, लाकडी मण्यांची रोझरी दिली. त्याला अर्धांगवायू झाला होता. आल्बिनाने सगळ्या एका पिशवीत घालून मागच्या कॅरियरला बांधल्या. निकोलसने किक मारली तेव्हा पोरं वेशीपर्यंत मागे धावली. त्याची छाती भरून आली होती. आजवर गावाने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

रस्ता सातिवलीवरून कामणला, तिथून भिवंडी आणि मग पुण्याच्या दिशेने. चिंचोटी मागे पडली. दोन्हीकडे गवत सोन्यासारखं पिकलं होतं आणि डोंगरातून गवताचे भारे खाली येत होते. कच्च्या रस्त्यावर फटफटी उडत होती. रोझरींची पिशवी सैल झाल्यासारखी वाटली, म्हणून निकोलसने एक हात मागे नेऊन ती चाचपली, मान थोडी वळवली. पुन्हा पुढे पाहिलं तेव्हा वळणावर गवताचा एक मोठा भारा चालत येत होता. भाऱ्याखालच्या माणसाला फक्त स्वतःच्या पायांपुरती वाट दिसत होती.

फटफटी खड्ड्यात जाऊन पडली. निकोलसला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तो धावत मागे आला. भारा सुटून रस्ताभर गवत पसरलं होतं आणि त्यात एक काळासावळा, किडकिडीत माणूस गुडघ्याखाली पाय धरून पडला होता. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. मागून येणाऱ्या बाईने डोक्यावरचा भारा टाकला. ती रडली-ओरडली नाही. तिने लुगड्याचा पदर फाडला आणि जखमेवर घट्ट बांधला.

"माझा नवरा आहे," ती म्हणाली. "लाडक्या. वसईला दवाखान्यात न्यायचा का?"

निकोलसच्या डोळ्यांसमोर वसईचा रस्ता आला. स्टेशनावर, बाजारात गासची माणसं असणार. तासाभरापूर्वी हार घालून निघालेला माणूस, गाडीत मोडक्या पायाचा एक वारली घेऊन परत येतो आहे. तो म्हणाला, "इथे जवळ हाडवैद्य असेल ना कोणी? आधी हाड तर बसवू."

"आहे. पन हाड बाहेर आलंय."

"वैद्य बघेल की. मी काही पळून जात नाही."

आणि खरंच तो पळाला नाही. लाडक्याला त्याने पाठीवर घेऊन पाड्यावर आणलं. म्हाताऱ्या वैद्याने हाड ओढून बसवलं, पाल्याचा लगदा लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. फटफटीचं पुढचं चाक वाकडं झालं होतं. ती ओढत आणून त्याने झोपडीमागे उभी केली. खळ्यावर भाताचे भारे झोडायचे पडले होते, डोंगरातलं गवत उभंच होतं, आणि घरात कामाची माणसं दोनच, त्यातला एक आता अंथरुणावर. बाईचं नाव जमनी. निकोलस तिला म्हणाला, "याचा पाय बरा होईपर्यंत मी झोडतो."

"झोड," जमनी म्हणाली.

केळीच्या वाडीबरोबर भातशेतीही केलेल्या माणसाला झोडणी नवी नव्हती, पण दिवसभर फळीवर पेंढ्या आपटून त्याचे खांदे भरून यायचे. लाडक्या दारात बाजेवर पडून गप्पा मारायचा. माणूस मोठा विनोदी होता.

"तू कुठं चाललेलास एवढ्या घाईनं?"

"गोव्याला. एका संताच्या दर्शनाला."

"जिता आहे?"

"नाही, चारशे वर्षं झाली जाऊन."

"मग थांबेल की अजून थोडं," लाडक्या म्हणाला, आणि पाय दुखत असतानाही हसला.

निकोलसही हसला. संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाताना त्याला वाटायचं, आपण चुकलो खरे, पण निस्तरतो आहोत. दुसरा कोणी असता तर धूळ उडवत भिवंडी गाठली असती. पाय सांधला की फटफटी दुरुस्त करून थेट गोव्याला जायचं, सगळ्या रोझरी पेटीला टेकवायच्या, आणि गावात कुणाला काही कळायचं कारण नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एके दुपारी खळ्याकडे बैलगाडी आली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा निकोलसने आधी ओळखल्या, मग गाडीवरचा माणूस. गासचा बॅप्टिस्ट होता, त्याच्याच आळीतला. दर साली तो गुरांसाठी पेंढा न्यायला कामणकडे यायचा. निकोलसच्या हातातली पेंढी तशीच राहिली. पुढच्याच क्षणी तो पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन खाली बसला.

बॅप्टिस्टने जमनीला विचारलं, "पेंढा देणार काय?"

"अजून झोडून झाला नाय."

"गाडी रिकामी न्यायची म्हणजे..." बॅप्टिस्ट पुटपुटला. दारातल्या बाजेकडे बघून म्हणाला, "ह्याला काय झालं?"

"पाय मोडला."

"सुजलाय फार. दवाखान्यात दाखवा हो." तो थोडा घुटमळला, मग त्याने बैल वळवले. रिकामी गाडी खडखडत चिंचोटीच्या वाटेला लागली. आत मऊ पेंढा अंथरलेला होता, एक माणूस आरामात निजून वसईला गेला असता. निकोलसला ते उडवीमागून स्पष्ट दिसत होतं. नुसती हाक मारायची होती. घंटा ऐकू येईनाशा होईस्तोवर तो तिथेच बसून राहिला.

तो बाहेर आला तेव्हा जमनी त्याच्याकडे बघत होती.

"तुझा कोन लागतो तो?"

"कुणी नाही."

तिने जमिनीवरची पेंढी उचलून त्याच्या हातात दिली.

पाय बिघडत गेला. लगद्याखालून वास येऊ लागला. वैद्याने पाला बदलला आणि नजर चुकवत निघून गेला. लाडक्याचं हसणं बंद झालं, मग बोलणंही. एका पहाटे त्याचं अंग चटका बसावा इतकं तापलं होतं आणि तो मेलेल्या भावाशी बोलत होता. पाय मांडीपर्यंत काळानिळा झालेला. निकोलसने तो पाहिला आणि वसई, गास, हार, फादर, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. तो अनवाणी कामणात धावला, ज्याची मिळाली त्याची गाडी जुंपून आणली.

वसईच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि म्हणाले, "माझ्या हातात काही नाही. मुंबईला न्या, आत्ताच्या आत्ता."

स्टेशनावर गासची माणसं होतीच. केळीचे घड, भाजी, फुलांच्या करंड्या घेऊन बाजाराला निघालेली. निकोलसने लाडक्याला हमालाच्या हातगाडीवर निजवलं होतं आणि ती तो स्वतः ढकलत होता. दाढी वाढलेली, कपड्यांत भाताची कुसळं. आधी त्याला कुणी ओळखलं नाही. मग रोझलिन मावशी टोपली खाली ठेवून उभी राहिली.

"निकोलस? तू गोव्याला ना गेलेलास?"

"नाही गेलो, मावशी. कामणला होतो. माझ्या फटफटीने याचा पाय मोडला."

"इतके दिवस कामणला?" माणसं भोवती गोळा झाली. रोझलिन मावशी काही मनात ठेवून बोलणारी बाई नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. ती म्हणाली, "अरे, आपला बॅप्टिस्ट तिथेच तर गेलेला पेंढा बघायला. गाडी रिकामी घेऊन आला. त्याला कसा दिसला नाहीस तू?"

जमनी हातगाडीला धरून उभी होती. तिने निकोलसकडे पाहिलं, मग लाडक्याच्या कपाळावरचा घाम पुसला. निकोलसने हातगाडी फलाटाच्या कडेला ढकलली. गाडी आली.

मुंबईच्या इस्पितळात लाडक्याचा पाय मांडीतून कापला. तरणा डॉक्टर हात धुता धुता म्हणाला, "जीव वाचला हेच खूप. थोडं आधी आणलं असतंत तर गुडघा तरी राहिला असता. कदाचित सगळाच पाय."

निकोलस पाड्यावरून रोझरींची पिशवी घेऊन घरी आला तेव्हा आल्बिनाने त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं. बॅप्टिस्ट दुपारीच येऊन गेला होता. गाडीत पेंढा होता, जागा होती, मी त्याला निजवून आणलंही असतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"तू तेव्हा बॅप्टिस्टला बघितलंस?" आल्बिनाने विचारलं.

"हो."

ती ताट उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी रोझरींची पिशवी घेऊन ती एकटीच घरोघरी गेली. निकोलस म्हणाला मी येतो, तर म्हणाली, "नको. तुला बघून त्यांना काहीतरी बरं बोलावं लागेल." बायकांनी रोझरी घेतल्या, कुणी रागावलं नाही. रोझलिन मावशीने नुसतं विचारलं, तो वारली जगेल ना. त्यानंतर चर्चच्या पायऱ्यांवर निकोलस आला की बोलणी मध्येच थांबायची, आणि तो आत गेला की पुन्हा सुरू व्हायची.

शिमग्याच्या आधी लाडक्या काठ्यांवर पाड्यात परतला. निकोलस अधूनमधून कामणला चालत जायचाच. झोडणी त्याने पुरी केली होती, गवतही उतरवलं होतं. झोपडीमागे उभ्या केलेल्या फटफटीला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही.

त्या दिवशी अंगणात शेजारी जमले होते आणि लाडक्या त्यांना सांगत होता, "माझ्या नशिबात पाय नव्हता. पन मानूस बघा कसा भेटला. दुसरा असता तर पळाला असता. हा माझं भात झोडत बसला. देवाला जायचं सोडून!"

शेजारी मान डोलावत निकोलसकडे बघत होते. त्याला बसवेना.

"लाडक्या," तो म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय."

"पानी आणू चल," जमनी मध्येच उठली. "हंडा जड आहे."

दोघं विहिरीवर पोचली. मग हंडा काठावर ठेवून ती म्हणाली, "गाडीचं सांगणार होतास."

"त्याला कळायला हवं, जमनी. तो मला देवमाणूस म्हणतोय."

"सांगितलंस की तुला हलकं वाटेल. आणि त्याला? आज तो म्हणतो, नशिबानं गेला. उद्यापासून रोज सकाळी काठी हातात घेताना म्हणेल, जाया नको होता." तिने दोर विहिरीत सोडला. "मी पन तेव्हा गाडीवाल्याला थांबवला नाय. तुला लपताना बघितला, नि म्हटलं, शिकलेला मानूस आहे, याला कळत असेल. ते मी कोनाला सांगू?"

निकोलस पुढे झाला. दोघांनी मिळून दोर ओढला.

ते परतले तेव्हा शेजारी गेले होते. लाडक्या ओटीवरून एकटाच उठायची धडपड करत होता, पण एक काठी घरंगळून अंगणात गेली होती.

"आलास? हात दे रे," तो म्हणाला. "हां, काय सांगणार होतास मघाशी?"

"काही नाही," निकोलस म्हणाला. त्याने खांदा खाली केला आणि लाडक्याचा हात मानेवर घेतला. माणूस किडकिडीत होता, तरी त्याचा सगळा भार अंगावर आला तेव्हा निकोलसला पाय रोवून उभं राहावं लागलं.