भामाच्या वर्षश्राद्धाला मी गेलो नाही

माझी बायको भामा १९४३ सालच्या मार्गशीर्षात बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मागे मी आणि अकरा वर्षांची बनू राहिलो.

आदल्या दिवशी भामानं मला जवळ बसवलं. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्याकडची रीत. तिचे वडील वारले तेव्हा तिला असंच दुसरीतून उठवून माझ्याशी लग्न लावलं होतं. ती नऊ वर्षांची होती.

"आवं, माझ्या वर्साच्या आत पोरीचं करू नगा," ती म्हणाली.

तुला काही होत नाही, म्हणून मी तिला गप्प केलं.

आमचं गाव आटपाडीकडचं. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. बनूच्या शाळेसाठी भामा गावातच राहायची. त्या साली तिचे दिवस भरले होते, म्हणून मीही थांबलो होतो.

ती गेल्यावर माझी विधवा बहीण साळूआक्का घर सांभाळायला आली. तिनं बनूसाठी म्हसवडचं स्थळ काढलं. मुलगा बावीस वर्षांचा होता. आक्का वाईट नव्हती. बिनआईच्या पोरीचं काय होणार, हीच तिला काळजी. तोंडावर नाही म्हटलं असतं तर ती निघून गेली असती, चूल बनूच्या गळ्यात पडली असती आणि शाळा तशीही सुटली असती. म्हणून मी बघू, बघू म्हणत राहिलो. दिवाळी होताच पलूसला उतरलो आणि कृष्णात पाटलाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली.

तिथं आक्काचं कार्ड आलं. मला अक्षरं लावून वाचता येतं. वर्षश्राद्धाला पाहुणे जमणारच आहेत, तर दोन दिवस आधी बनूचं लग्न उरकून घेऊ, तिथी धरली आहे, निघून या. आक्काला लिहिता येत नाही. स्वतःच्या लग्नाचा सांगावा बनूनंच लिहिला होता. खाली एक ओळ तिची होती. 'आबा, आयच्या वर्साला या.'

मी निघालो. विट्यापर्यंत गेलो, देवळाच्या पायरीवर बसलो आणि माघारी फिरलो. बाप नाही म्हणून लग्न राहिलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी मी कृष्णेत भामाच्या नावानं पाणी सोडलं. घरी चुलतभाऊ आकारामनं विधी केला.

ज्येष्ठात घरी आलो. आक्का म्हणाली, "बायकूचं वरीस इसरलास व्हय रं? आता तीन वर्सं सरंपतूर पोरगी घरात."

मेंढरं आजारी पडली होती, असं मी सांगितलं. मुद्दाम केलं हे कळलं असतं तर कुणीतरी रीतीतून वाट काढली असती. बनूनं पाणी आणून दिलं.  त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

यंदा चैत्रात ती सातवीची फायनल पास झाली. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, आई काय म्हणाली होती तेही.

 ती म्हणाली, "आयच्या वर्साला तुमचं पान मी दिवस मावळंपतूर झाकून ठिवलं होतं, आबा."